खुर्चीला घातलेला हार

माझा जाहीर सत्कार आजवर एकदाच झाला आहे, आणि त्या वेळी मी हजर नव्हतो.

आमचे आईबाबा रिसोडला असतात. बाबा एसटीत कंडक्टर होते. गेल्या मे महिन्यात त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. आठवडाभर आधी त्यांचा फोन आला. "येशीन काय?" एवढंच. (बाबा आयुष्यभर तिकिटावर मावेल इतकंच बोलत आले.) मी म्हटलं, ऑफिसात फार काम आहे. काम होतं, पण फार नव्हतं. खरं सांगायचं तर, पुण्याहून त्या उन्हात बसनं जायचा मला कंटाळा आला होता. बाबा "बरं" म्हणाले. ते "बरं" मला दोन दिवस पचलं नाही.

मग मला अक्कल सुचली. ताजी फुलं पाठवायची! बायको म्हणाली, "त्यांनी फुलं मागितली होती का?" असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही. मी रिसोडच्या एका फुलवाल्याचा, गजाननभाऊंचा, नंबर मिळवला.

"गुलाबाचा मोठा बुके हवाय."

"भाऊ, मे महिना हाय. दुपारलोक त्या गुलाबाची भाजी होईन. झेंडूचा हार घ्या. कार्यक्रम कायचा हाय?"

"ते सांगायचं नाही. सरप्राईज आहे."

"लग्न?"

"नाही."

"मयत?"

"अहो!"

"मंग सत्कारच असन."

"तसंच समजा," मी वैतागून म्हणालो. "पण चांगला मोठा करा. पुण्याहून आलाय असं वाटलं पाहिजे!"

आता आमच्याकडे सत्काराचा मोठा हार म्हणजे निवडून आलेल्या पुढाऱ्याचा हार. तो चौघांनी धरायचा असतो. वाढदिवसाच्या सकाळी गजाननभाऊ मांडीएवढा जाड हार टेम्पोत घालून दारात हजर! सोबत दोन ताशेवाले. (ते त्यांनी आपल्या मनानं आणले. सत्कार म्हटल्यावर ताशा नको?) सगळी गल्ली गोळा झाली. बाबा नगर परिषदेला उभे राहिले की पतसंस्थेला, यावर दारातच दोन तट पडले. शेवटी गजाननभाऊंनी हार पुण्याच्या पोरानं पाठवल्याचं जाहीर केलं.

"मंग घाला ना त्यायच्या गळ्यात," कोणीतरी म्हणालं.

"आमी फक्त बनवतो," गजाननभाऊ म्हणाले. "सत्कार कराले घरचा मानूस लागते. ज्यानं पाठवला त्यानं घालाव. कुठी हाय तो?"

आई म्हणाली, "तो नाई येऊन राह्यला. काम हाय त्याले."

ताशे थांबले. हे मला आईनंच नंतर सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

बाबा आत गेले, एक खुर्ची घेऊन आले आणि कूलरसमोर ठेवली. "इथं घाला. तो येईलोक राहू द्या." चौघांनी मिळून खुर्चीला हार घातला. फुलं सुकू नयेत म्हणून बाबांनी कूलरचं तोंड खुर्चीकडे वळवलं आणि स्वतः ओट्यावर पुठ्ठ्यानं वारा घेत बसले. कोणी विचारलं, ही खुर्ची कोणाची, तर म्हणायचे, "माह्या पोराची."

शेजारच्या शांताकाकू सकाळी लग्नाला गेलेल्या. दुपारी परत आल्या, खिडकीतून खुर्ची पाहिली, ओट्यावरून "माह्या पोराची" एवढंच ऐकलं आणि रडत रडत त्यांनी माझ्या बायकोला फोन लावला. फोन मी उचलला.

"हॅलो, बोला काकू."

पलीकडे किंकाळी!

"बाप्पा बाप्पा! तू जिता हायेस?"

"म्हणजे काय?"

"अरे, मंग तुह्या खुर्चीले हार काहून हाय?"

बायकोनं माझी बॅग भरली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी घरात शिरलो. हार टवटवीत होता आणि बाबांच्या पाठीवर घामोळं उठलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हार उचलायला गेलो तर एकट्याला उचलेना. आईनं दुसरं टोक धरलं. बाबांच्या गळ्यात घातला तेव्हा ते त्या वजनानं वाकले, पण हसत होते.

"बाबा, चुकलं माझं."

"बस त्या खुर्चीवर. कालपासून जागा राखून ठेवली. तिघायले उठवलं."

मी बसलो आणि ढसाढसा रडलो. आई विचारायला लागली तेव्हा मी सगळं कूलरच्या पाण्यावर ढकललं.

यंदा मी एप्रिलमध्येच गजाननभाऊंना फोन केला. म्हटलं, तसाच हार पाहिजे, पण माणसाच्या मापाचा.

"घालनार कोन?"

"मीच!"

"मंग पहिले रिसोडच्या स्टँडवर उतरा. तिथून फोन करा, तवा ओवाले घेतो. फुलायचा भरोसा हाय भाऊ, तुमचा नाई."