काकांचा ओरिजिनल ट्रक

परवा बाभुळगावला एका कामासाठी गेले होते. परतीच्या एसटीला वेळ होता आणि ऊन डोक्यावर आलं होतं, म्हणून एका कृषी केंद्राच्या ओट्यावर सावलीला टेकले. पेरणी तोंडावर आलेली, आत गिऱ्हाइकांची ही गर्दी, आणि दारातून बाहेर येत होता औषध चोळलेल्या कपाशीच्या बियाण्याचा वास. तिखट, उग्र, नाकातून सरळ कपाळात जाणारा. लोकांना मोगऱ्याच्या वासानं माहेर आठवतं, केवड्यानं कुणाचं तरी लग्न आठवतं. आमचं सगळंच उफराटं! मला त्या वासानं कॉम्प्युटरवरचा ट्रकचा खेळ आठवला आणि मी एकटीच ओट्यावर बसून खुदकन हसले. शेजारी बसलेल्या आजोबांनी माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

माझ्या काकांचं, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाचं, पांढरकवड्याला हायवेच्या कडेला बी-बियाण्याचं दुकान होतं. बी.कॉम. झाल्यावर मी त्यांच्याकडेच राहायला गेले आणि दुकानात बसून कॉम्प्युटरवर बिलं करू लागले. कॉम्प्युटर गावात अजून नवलाचा होता. बियाणं घ्यायला आलेला माणूस आधी त्याच्याकडे पाहून घ्यायचा, मग बोलायचा. काकांना सगळा तालुका ‘ओरिजिनलवाले’ म्हणायचा. पक्कं बिल, कंपनीचं सील आणि लेबल असल्याशिवाय त्यांच्या दुकानात दाणा येत नसे. शिवाय प्रत्येक पिशवीबरोबर ते एक प्रवचन फुकट द्यायचे. पिशवी वरून फोडायची नाही, खालून कापायची, म्हणजे सील शाबूत राहते. मूठभर बियाणं त्याच पिशवीत राखून ठेवायचं, बोंडं फुटेपर्यंत. उद्या उगवलं नाही तर पुरावा पाहिजे ना हातात! आणि हायब्रीडचं घरचं बी पुढच्या साली पेरायचं नाही. दिसाले सारखं दिसते, पण मायबापाचा गुण धरत नाही. हे प्रवचन मला इतकं पाठ झालं होतं की काका जेवायला गेले की मीच ते देत असे, अगदी त्यांच्या सुरात, आणि गिऱ्हाईकही तितक्याच गांभीर्यानं मान डोलवायचं. काका स्वतःसुद्धा आलेल्या प्रत्येक मालातली एक पिशवी नमुना म्हणून लोखंडी कपाटात कुलपात ठेवत, आणि त्या कपाटाची किल्ली त्यांच्या करदोड्याला बांधलेली असे.

वर्षं वाईट होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव तेव्हा पेपरात कशासाठी यायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, मी पुन्हा सांगत नाही. कापसाला भाव नव्हता, बोंडअळी होती, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बोगस बियाणं. आठवडी बाजारात कुणीतरी गाडी लावायचा, हुबेहूब कंपनीसारखी पाकिटं स्वस्तात विकायचा आणि उगवायच्या आत पसार व्हायचा. दुकानात येणारी माणसं पिशवी हातात घेऊन उलटीपालटी करत, लेबलावर नख घासून पाहत. हसणं म्हणून कुणाच्या तोंडावर नव्हतं. आणि अशा दिवसांत एकदा नागपूरहून माल घेऊन येताना काका एक खेळ घेऊन आले! भला मोठा खोका, त्याच्यावर लाल रंगाचा अठरा चाकांचा ट्रक.

आता यामागची गोष्ट अशी की काकांना तरुणपणी ट्रक ड्रायव्हर व्हायचं होतं. हायवेवर वाढलेला मुलगा, दुसरं काय होणार? पण घरच्यांनी दुकानाच्या गल्ल्यावर बसवलं, ते कायमचं. “हौस होती, राहून गेलती,” एवढंच म्हणाले, आणि खोका चाकूनं खालून कापला. वरचं सील शाबूत राहिलं, पण आतली पुस्तिका आणि सीडी धपकन जमिनीवर पडली. काकूनं कपाळाला हात लावला. मी मात्र इतकी खूश झाले म्हणून सांगू! कॉम्प्युटर बसवणाऱ्या माणसानं यवतमाळहून येऊन तो खेळ बसवून दिला. काकांनी संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून एक चक्कर मारली, तोंडानं हॉर्नसुद्धा वाजवला. त्या अर्ध्या तासात ते वीस वर्षांचे दिसत होते. आणि दुसऱ्या दिवशी चार माणसं कौतुकानं बघायला बोलावली, तर खेळ अडला.

पडद्यावर एक चौकट आली. मी वाचून सांगितलं, “काका, ओरिजिनल सीडी टाका म्हणते.”

“ओरिजिनल?” काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “आन् हे आत हाय थे काय हाय मंग, भजं?”

सीडीला ते कुणाला हात लावू देत नसत. स्वतः दोन बोटांत धरून बाहेर काढली, स्वच्छ रुमालानं पुसली, फुंकर मारली, परत घातली. परत तीच चौकट. मग आमच्याकडे जे जे म्हणून उपाय होते ते सगळे झाले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. त्याच्या पेटीतला बियाण्याचा धुराळा झटकला. चहाला थांबलेला हैदराबादकडचा एक ड्रायव्हर म्हणाला, “सेठ, इंजन गरम हुआ होगा, ठंडा होने दो,” तर तेही करून पाहिलं. काकूनं उदबत्ती ओवाळली. आमच्या घरात त्याआधी कधी सीडीच आलेली नव्हती, त्यामुळे ती खरी कशी दिसते आणि तिला नेमकं काय दुखतंय हे मला तरी कुठे ठाऊक! बाजारातला कॉम्प्युटर क्लासवाला आला, तो वेगळाच खो-खो हसत. हाच खेळ त्याच्याकडे नकली सीडीवर होता आणि पोरं दिवसभर खेळत होती. “काका, माही चोरीची मस्त पळून राह्यली अन् तुमची पक्क्या बिलाची बसली रस्त्यात! एक बारकीशी फाईल टाकून देतो, मंग थे विचारनंच बंद करते.”

“विचारू दे न,” काका म्हणाले. “विचारलं तर उत्तर देता आलं पायजे माणसाले. तोंड कायले बंद करतं त्याचं?”

इथवर सगळी गंमतच होती. पण त्या वेळी काउंटरवर एक मावशी उभी होती. रस्त्यापलीकडच्या गावची, स्वतःची शेती स्वतः पाहणारी, शब्दाला पक्की बाई. आदल्या साली बाजारातल्या त्या गाडीवरून तिनं पाकिटं घेतली होती आणि अर्धं वावर उगवलंच नव्हतं. या वेळी जरा महाग पडलं तरी ‘ओरिजिनलवाल्या’कडूनच घ्यायचं म्हणून ती चालत आली होती. तिनं हातातली पिशवी एकदा पाहिली, पडद्यावरची चौकट पाहिली, आणि पिशवी हळूच काउंटरवर परत ठेवली.

“भाऊ, राग नका मानू. मांगच्या साली त्या पाकिटावर बी ओरिजिनलच लिवलं होतं. तुमच्या मशीनलेच तुमचं पटून नाही राह्यलं, तं मले कसं पटन? उद्या बजारले येतो, तवा पायतो.”

ती गेली. काका कधी चिडत, कधी ओरडत, पण असे खचलेले मी त्यांना पाहिले नव्हते. सगळा जन्म त्या एका शब्दावर उभा केला होता, आणि आता एका ट्रकच्या खेळापायी तो शब्द भर दुकानात आडवा झाला होता. उद्या बाजारात मावशी चार बायांना सांगेल, त्या आणखी चार जणींना, आणि ज्यांचा विश्वास आधीच करपला आहे ती माणसं पुन्हा त्या गाडीकडे वळतील, याची त्यांना धास्ती बसली. मला तर रडूच आलं. जेवताना काका एकच वाक्य बोलले, “खेळ गेला खड्ड्यात, पण बाई रिकाम्या हातानं गेली.”

दुसऱ्या दिवशी बाजार भरला, आणि दुकान माणसांनी गच्च भरलेलं असताना काकांनी खोक्यावरचा मुंबईचा नंबर फिरवला. खेळ विकणाऱ्या कंपनीचा होता तो, तक्रारीसाठी. मावशीही आली होती, खताच्या पोत्यावर बसून पदरानं वारा घेत होती. पलीकडून एक मुलगी बोलत होती, आणि ती बोलेल ते काका मोठ्यानं पुन्हा म्हणत होते, म्हणजे सगळ्यांना कळावं. तिनं खोक्यावरचा नंबर विचारला. काकांना इंग्रजी अक्षरं फोनवर सांगायची म्हणजे गावांशिवाय दुसरा आधार नव्हता. “पी, पांढरकवड्याचा. बी, बाभुळगावचा. एम घ्या, महागावचा. डब्ल्यू, वणीचा.” तिथं गाडी अडली. ती मुंबईची मुलगी ‘वणीचा’ ऐकून व्ही लिहीत होती, आणि वणीच्या स्टेशनावरच्या पाटीला डब्ल्यू आहे हे काका तिला जीव तोडून सांगत होते. “मॅडम, पाटी पाहून या पाह्यजे तं!” दुकानातल्या माणसांना चेव आला. कुणी म्हणे दारव्हा सांगा, कुणी म्हणे दिग्रस सांगा. त्या अक्षरांचा काही संबंध नव्हता, पण प्रत्येकाला आपलं गाव मुंबईपर्यंत पोहोचवायचं होतं. कित्येक दिवसांत एवढा गलका त्या दुकानानं ऐकला नव्हता.

शेवटी नंबर जुळला. “पायजा, नंबर बरोबर हाय म्हणते!” काकांनी मावशीकडे पाहून जाहीर केलं. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि काका उसळले. “ओरिजिनल सीडी हाय का म्हणते! मले विचारते! मॅडम, ओरिजिनल हाय, एकशे एक टक्का हाय, कुलपात ठेवली हाय कपाटात!”

कुलपात कशी, असं पलीकडून विचारलं गेलं. मग काका ऐकत राहिले. तोंड हळूहळू उघडं पडत गेलं.

झालं होतं असं, की यवतमाळच्या त्या माणसाकडून काकांनी पहिल्याच दिवशी सीडीची एक नक्कल करून घेतली होती. पहिली चक्कर मारून झाल्यावर खरी सीडी त्यांनी त्याच रात्री बियाण्यांच्या नमुन्यांशेजारी कपाटात बंद केली, उद्या काही बिनसलं तर पुरावा हवा म्हणून, आणि मशीनमध्ये घातली होती ती नक्कल! त्यांच्या हिशेबी त्यात खोटं काहीच नव्हतं. आपल्याच मालातून आपल्याचसाठी काढलेली, मग ती डुप्लिकेट कशी? ती मुलगी बिचारी समजावत होती, की नक्कल दिसायला सारखी असते, पण खऱ्या सीडीत अशी एक खूण असते जी नकलेत उतरतच नाही.

काकांनी रिसीव्हर कानाशी तसाच धरून कपाळावर हात मारला. “मंग हायब्रीड हाय म्हणा न मॅडम! कालपासून मी चौकशी करून राह्यलो, एका शब्दात सांगतलं असतं! घरचं बी लावलं मी, घरचं! अख्ख्या तालुक्याले शिकवतो अन् स्वतः घरचं बी लावून बसलो!”

दुकान असं हसलं म्हणून सांगू! खताच्या पोत्यावर बसलेली मावशी हसताहसता घसरली. क्लासवाला हसला, रस्त्यावरून जाणारे डोकावून हसले, मुंबईची ती मुलगी का हसली हे तिलाही कळलं नसेल, पण तिचं हसू फोनबाहेर ऐकू येत होतं. काकांनी करदोड्याची किल्ली काढली, कपाट उघडलं, आणि बियाण्याच्या वासानं घमघमलेली ती खरी सीडी सगळ्यांसमोर मशीनमध्ये सरकवली. चौकट आली नाही. ट्रक आला, लाल, लांबलचक, परदेशातल्या रिकाम्या रस्त्यावर. “शेठ, राँग साइडनं जाऊन राह्यले!” एक ड्रायव्हर ओरडला, कारण तिकडे गाड्या उजवीकडून चालतात हे कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी मावशीला खुर्चीवर बसवलं. तिनं एक बोट बटणावर दाबून धरलं आणि अठरा चाकांचा ट्रक सरळ शेतात नेला. “इतका मोठा रस्ता, अन् एक बी गाय नाही!” ती म्हणाली, आणि पुन्हा हशा.

निघताना तिनं पिशवी उचलली. काका जरा ऐटीत म्हणाले, “पाह्यलं न माय? ओरिजिनल चालतेच.”

“ट्रक चालला म्हून नाही नेऊन राह्यलो, भाऊ,” ती म्हणाली. “गाडीवाला मांगच्या साली सांगे, वावर खराब हाय, पाणी खराब हाय, तुमी चुकले. तुमी इतक्या लोकायच्या समोर म्हटलं, मी चुकलो. म्हून नेतो.”

काकांचं प्रवचन त्या दिवशी राहून गेलं. त्यांनी तिला पिशवी कशी फोडायची तेसुद्धा सांगितलं नाही, नुसते हात जोडले. तिची कपाशी त्या साली उगवली, पुढं भाव काही बरा मिळाला नाही, पण ती दर पेरणीला येत राहिली.

आता दुकान चुलतभाऊ पाहतो. काका पंच्याहत्तरीच्या पुढं गेले आहेत आणि दुपारी ओट्यावर बसून जाणारे ट्रक पाहतात. खेळ आता हवेतून फोनमध्ये उतरतात, विकत घेतलेली वस्तू हातात येतच नाही, आणि कंपनीला वाटलं तर उद्या ती नाहीशी होते. माझी त्याबद्दल फार तक्रार नाही. काळ आहे, चालायचंच. मात्र इतक्या वर्षांत पुष्कळ माणसांचा शब्द ऐकला, पुष्कळांनी छातीठोकपणे सांगितलं, आणि बहुतेकांचं मी विसरून गेले. ज्यांनी कधीतरी हसत सांगितलं की माझं चुकलं, त्यांच्याच दारात मी आजही डोळे मिटून जाते. बाभुळगावच्या ओट्यावर माझी एसटी माझ्यासमोरून निघून गेली आणि मी तिला हातही केला नाही. म्हटलं, जाऊ दे, पुढची मिळेल; आणि आणखी थोडा वेळ हसत बसले.