अपडेट झालं आणि आबा घरी आले

मंडळी, बोलतेय मी, टाइप करतेय माझी नात सई. मला अक्षर येत नाही, जीभ मात्र चांगली चालते.

आज दुपारी रावेतच्या फ्लॅटमध्ये एकटीच पावटा सोलत बसले होते. तेवढ्यात हॉलमधला बोलका डबा, स्मार्ट स्पीकर म्हणतात तो, म्हणाला, "आबा घरी आले." त्यांच्या खुर्चीवरचा पंखा फिरायला लागला. गिझरचा लाल दिवा लागला.

आबा म्हणजे माझे मालक. दुपारी चाकणच्या कंपनीतून त्यांची परत यायची वेळ झाली की घर हे सगळं आपोआप करायचं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

मी हाक मारली नाही. कुणी ओ दिली असती तर?

सई कॉलेजातून आली, फोनमध्ये डोकं घालून बसली. "आजी, भूतबित काही नाही. रात्री अपडेट झालं, त्यात आबांच्या वेळेला हे सगळं करणारं, आपण बंद केलेलं प्लगिन परत चालू झालंय."

"तरीच! ते असते तर आधी चहा मागितला असता."

तिनं पंखा आणि गिझर त्यातून काढले. उरलं फक्त आबांचं नाव.

"ते तूच काढ, आजी. उजवं बटण दाबलंस तर जाईल, डावं दाबलंस तर राहील."

मी दाबलं आणि फोन परत दिला. तिनं बघितलंसुद्धा नाही.

सई, थांबू नकोस, हेही लिही. वाचता येत नसलं तरी डावं-उजवं मला कळतं. मी डावं दाबलंय.

उद्या दुपारी डबा पुन्हा बोलेल. दार उघडून बघू का नको, तुम्हीच सांगा.