खोपीवरची तिरकी चौकट

गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार, आणि गुण्यामामा म्हणजे ते हत्यार चाळीस वर्षं खिशात घेऊन हिंडलेला माणूस. खरं नाव असेल ते कागदोपत्री. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी मामा आधी दाराची चौकट न्याहाळणार, मग घरच्यांची विचारपूस करणार. लेकीच्या लग्नाच्या फोटोत सगळं कुटुंब कॅमेऱ्याकडे बघतंय आणि मामा तेवढे भिंतीवरच्या कललेल्या तसबिरीकडे. एखाद्याला यात कौतुक वाटेल. मामींना विचारा. त्यांच्या ताटाशेजारचा चमचासुद्धा जेवता जेवता सरळ केला जाई.

टेकडीवरचं घर मामांनी आठ वर्षांच्या सुट्ट्या घालून उभं केलं होतं. दोन खोल्या, पुढे ओसरी, आणि अंगणापलीकडे हत्यारांसाठी पत्र्याची खोपी. विजेचे खांब टेकडीच्या पायथ्याशी येऊन थांबले होते, पण त्यावाचून दोघांचं काही अडलं नव्हतं. कंदील होते आणि मामींचं पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं. मामी खिडकीशी शिवायला बसल्या की गुणगुणायच्या, आणि ते गुणगुणणं खोपीपर्यंत आलं की मामांच्या रंध्याला जोर चढायचा. हे त्यांनी मामींना कधी सांगितलं नव्हतं. सगळंच कशाला सांगायचं?

मग मामींच्या गुडघ्यांनी संप पुकारला. पायडल मारायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. मशीनला मोटार बसवता आली असती, पण मोटारीला वीज हवी. लेकीने फोनवर चुटकीसरशी तोड काढली: आईने मशीन घेऊन शहरात माझ्याकडे यावं, तिथे शिवावं, महिन्यातून एकदा वर जाऊन यावं. मामींनी आठवडाभर विचार केला आणि हो म्हटलं. शिवल्यावाचून त्यांना करमत नसे, आणि शाळेच्या नाटकाचे बावीस झगे शिवून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. महिनाअखेरच्या रविवारी लेक गाडी घेऊन येणार असं ठरलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून खोपीचं छप्पर मोजायला गेले. बायको खाली आणि आपण वर, हा संसार त्यांना मान्य नव्हता.

मामांनी बोलावलेला, सोलर पॅनेल बसवणारा वायरमन दोन दिवसांत वर आला. घरावर मोठ्या झाडाची दिवसभर सावली, आणि झाडाला हात लावायचा नाही असं मामींनी त्याला चहाआधीच बजावलं. उरली खोपी. ती वाटेकडे तोंड करून उभी होती, म्हणजे धड पूर्वेलाही नाही आणि दक्षिणेलाही नाही. वायरमनने भर दुपारी छपरावर ओळंबा धरला, दोरीची सावली पडली त्यावरून खडूने लांब रेघ ओढली आणि म्हणाला, "मामा, पॅनेलचं तोंड या रेघेच्या दिशेने, बरोबर दक्षिणेला. मागचे पाय उंच, पुढचे आखूड. बाकी लाकूडकाम मी तुम्हाला काय सांगणार!"

तो गेल्यावर मामा अंगणात उभे राहून ती रेघ बघत राहिले. छपराच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्याकडे, खोपीच्या कुठल्याच बाजूशी जमवून न घेता ती गेली होती. या रेघेने चौकट बसवायची म्हणजे उभ्या गावाला दिसेल असं वाकडं काम करायचं. मामा जेवले, परत येऊन बघितलं, आणखी एकदा बघितलं. सकाळी मामी अंघोळीला गेल्याचं पाहून ओलं फडकं घेऊन शिडी चढले आणि रेघ पुसून टाकली. खोपीच्या तोंडासमोरच्या डोंगरामुळे सकाळी दहापर्यंत तिकडून ऊनच येत नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण ऊन काय, येईल कुठून तरी.

काम मात्र असं केलं की बघत राहावं. जुन्या दारांचं मुरलेलं लाकूड, चारी कोपऱ्यांत खाचा पाडून बसवलेले सांधे, पाय पत्र्यातून थेट खालच्या वाशांत बोल्टने आवळलेले, आणि पाणी गळू नये म्हणून प्रत्येक बोल्टखाली रबराची चकती. पॅनेलच्या पाठीमागे, जिथे फक्त कावळेच बघणार, तिथेही पॉलिश. चौकट खोपीच्या कडेशी सुतात होती. वायरमन बॅटरी जोडायला आला तेव्हा वर बघून त्याने डोकं खाजवलं आणि रेघेचं काय झालं म्हणून विचारलं. "बघून केलंय," मामा म्हणाले. गुण्यामामांच्या मापावर गावात कुणी दुसरं माप लावत नसे. वायरमन वायरी जोडून गेला.

मोटार सुरू झाली तेव्हा मामींचा चेहरा बघण्यासारखा होता. पण दीड झगा झाला आणि बॅटरीच्या डब्याने शिट्टी मारून अंग टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मामांनी पॅनेल तीनदा पुसली, बोल्ट पुन्हा आवळले, बॅटरी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घोडं कुठे पेंड खातंय हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. दुपार झाली की सूर्य चौकटीच्या बगलेतून निघून जायचा आणि पॅनेल रिकाम्या वाटेकडे तोंड करून बसायची.

बुधवारी मामींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून घेतली आणि कपडे घड्या करून भरायला लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मामा दारात उभे राहिले. खिशातला गुण्या त्यांनी उगाच दोनदा चाचपला.

"ती रेघ मी पुसली," ते म्हणाले.

मामींचे हात थांबले. मामांनी मग सगळं सांगितलं, फडक्यासकट. तिरकं काम आयुष्यात कधी केलं नाही, हातच गेला नाही, म्हणाले. आणि तू गेलीस तर खोपीत तुझं गुणगुणणं येणार नाही, हेही तोंडातून निघून गेलं.

 मामींनी शिवणाच्या ढिगातून गळ्याची पट्टी उचलली. "अहो, ही उरेबी कापलीय. कापडाच्या धाग्यांना तिरपी. सरळ कापली तर कापड सरळ दिसतं, पण गळ्याला बसत नाही, चुण्या पडतात. चाळीस वर्षं मी तिरकंच कापतेय आणि चाळीस वर्षं तुम्ही तेच घालून हिंडताय." एवढं बोलून त्यांनी कपड्यांवर खुणा करायचा आपला चपटा खडू मामांच्या हातात ठेवला.

गुरुवारी भर दुपारी मामांनी ओळंबा धरला आणि मामींच्या खडूने नवी रेघ ओढली. मामी खाली स्टुलावर बसून बोल्टांचा डबा मांडीवर सांभाळत होत्या आणि फुकटच्या सूचना देत होत्या. जुनी भोकं डांबराने बुजवली. नव्या रेघेवर दोन पाय नेमके वाशांच्या मधल्या पोकळीत येत होते, म्हणून पत्र्याखाली जास्तीची आडवी लाकडं ठोकली. शुक्रवारी संध्याकाळी चौकट उभी राहिली. खोपी एकीकडे बघत होती आणि पॅनेल भलतीकडे. मामांनी डोळे मिटून शेवटचा बोल्ट आवळला.

शनिवारी मशीन सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत चाललं आणि डब्याने शिट्टी मारली नाही. मामा बाहेर उगाचच फळ्या रचत होते. दुपारी केव्हातरी खिडकीतून गुणगुणणं आलं. त्यांनी हातातली फळी खाली ठेवली आणि ओसरीच्या पायरीवर बसून खुशाल डोळे पुसले.

रविवारी लेक आली. आईचा हात मशीनवरून निघायची वाट बघत ती दोन तास बसली, तीन कप चहा प्यायली, आणि शेवटी तयार झालेले चौदा झगे तेवढे गाडीत घालून निघाली. जाताना वर बघून तिने बाबांना विचारलं की हे तिरकं कसं काय झालं. वाटेने चाललेल्या दूधवाल्यानेही ओरडून सांगितलं, मामा, चौकट सरकलीय. मामांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं, बघून केलंय. पण या वेळी ते बोलताना हसले.

गाडी उतारावरून दिसेनाशी झाल्यावर त्यांनी रिकामी पेटी माळ्यावर चढवली आणि भिंतीशी बरोबर काटकोनात सरकवली. मशीनवरून मान वर न करता मामी म्हणाल्या, "तेवढी सरळच राहू द्या. परत काढायची नाहीये."