लाळ

दवाखान्यात माझ्या शेजारी एक माणूस हनुवटी पुढे काढून, गुडघ्यांवर हात टेकून बसला होता. तोंडातून लाळ गळत होती. मला शिसारी आली.

“गुटखा बाहेर जाऊन थुंका की,” मी म्हणालो.

“गुटखा नाही हो दादा,” त्याची बायको म्हणाली. “कालपासून घसा दुखतोय, आता थुंकीही गिळवत नाही. आडवं झालं की घुसमटतात. आधी आम्हाला जाऊ द्या ना.”

“रांग आहे,” मी म्हणालो आणि सरकून बसलो.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. श्वास ओढताना येणारा त्याचा कर्कश आवाज ऐकून थबकलेच. “याला आडवं करू नका, घशात काही घालू नका. आत सूज आहे, श्वास बंद पडेल. ऑक्सिजन आणा, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा!”

लाळ माझ्याही तोंडात असते. दिवसभर नकळत गिळतो, म्हणून मी स्वच्छ. गिळणं थांबलं की माणूस घाण ठरतो.

तो वाचला, असं नंतर कळलं. मला त्या दिवशी घाई नव्हती, नुसतं बीपी तपासायचं होतं. डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर त्याच्यानंतर बसायला नको, एवढंच माझ्या मनात होतं.