अडीचशे ग्रॅमच्या आत

ड्रोनवाल्यांना किस्से शोधायला जावं लागत नाही. ड्रोन वर गेला की खाली माणसं जमतात, आणि माणसं जमली की बाकीचं आपोआप होतं! आमचं टोळकं तिघांचंच: अंबरनाथ पूर्वेला राहणारा मी, माझे शेजारी रिटायर्ड देवधरकाका आणि बदलापूर गावचा विलास. पण वर्षभरात पोतंभर किस्से साठलेत.

खूळ मुळात विलासचं. त्याचे बाबा दीड वर्षापूर्वी घसरून पडले. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला, पण म्हाताऱ्याने धसकाच घेतला. खाटेवरून मोरीपर्यंत, बस. घरामागचं शेतसुद्धा बघायला गेले नाहीत. "निदान वरून तरी दाखवतो रे त्यांना," विलास म्हणाला, आणि आम्ही ड्रोन घ्यायला निघालो.

* * *

उल्हासनगर कॅम्प पाचमधलं दुकान. विलासने थेट सगळ्यात मोठ्या ड्रोनवर बोट ठेवलं.

सिंधी शेठ म्हणाले, "साईं, इसको रजिस्ट्रेशन लगेगा, पायलट का सर्टिफिकेट लगेगा. हा छोटावाला घ्या, अडीचशे ग्रॅमच्या आत. हौसेला उडवा, लायसनची झंझट नाही."

"पण शेठ, तो मजबूत वाटतो!"

"जितना वजन, उतना कागज!"

विलासने मुकाट्याने छोटा घेतला.

* * *

घरी पूजा झाली. विलासच्या आईने हळदकुंकू वाहिलं आणि नव्या गाडीला बांधतात तशी लिंबू-मिरची ड्रोनला बांधली. काकांनी लगेच स्वयंपाकघरातला काटा मागवला. नुसता ड्रोन दोनशे एकोणपन्नास. लिंबासकट दोनशे ब्याण्णव!

"वहिनी, लिंबू काढा. कायद्यात बसत नाही."

"लिंबू नाय निघायचा. चार पंखे हायत ना? त्यातला एक काढा!"

शेवटी लिंबू रिमोटला बांधलं.

* * *

पहिलं उड्डाण आपल्या गच्चीवरून व्हावं, अशी काकांची फार इच्छा. अख्खी बिल्डिंग बोलावली, पेढे आणले. उडवण्याआधी सरकारी नकाशा बघायचा, हा त्यांचाच नियम. हिरव्या भागात उडवा, लालमध्ये परवानगीशिवाय नाही. नकाशा उघडला तर आमची बिल्डिंग लाल! जवळच संरक्षण खात्याची फॅक्टरी.

काकू शांतपणे म्हणाल्या, "चाळीस वर्षं इथे संसार केला. त्याला परवानगी घेतली होती का हो?"

पेढे वाटले, ड्रोन पेटीतच राहिला. मला मात्र काकांचं खरंच वाईट वाटलं.

* * *

मग बदलापूरच्या मैदानात सराव सुरू झाला. तिसऱ्याच दिवशी एक घार ड्रोनच्या मागे लागली. काका ओरडले, "विलास, उतरव! तिचा एरिया आहे!"

"काका, नकाशात हिरवा आहे ओ."

"तिने बघितलाय का नकाशा?"

विलासने ड्रोन उतरवला. घार अजून दोन फेऱ्या मारून गेली.

* * *

शेवटी तो दिवस आला. विलासच्या घराच्या मागच्या दारात बाबांची खाट ओढली. शेत बांबूच्या बेटाआड, म्हणून दारातून दिसत नाही. नकाशा हिरवा, वारा बेताचा. "ड्रोन नजरेआड करायचा नाही," काकांनी बजावलं. विलासने तो बांबूच्या बराच वर नेला आणि स्क्रीन बाबांसमोर धरला.

बाबा नुसते बघत राहिले. विलासचा चेहरा पडायला लागला.

तेवढ्यात बाबा पुढे वाकले. "खाली घे." विलासने घेतला. "आजून खाली."

भातात एक म्हैस निवांत चरत होती!

"हैक! हैक!" बाबा स्क्रीनवर ओरडले. म्हैस ढिम्म. पुन्हा ओरडले, तिने शेपटी हलवली फक्त.

"हिला ऐकू येत नाय का रं?"

"बाबा, यातून आवाज नाही जात तिकडे."

बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग विलासकडे.

"मंग बघत काय बसलास? माझ्या चपला आन!"