दहा, नऊ, दहा, बबन

रायफलमधून गोळी सुटली की रिकामी पुंगळी उजव्या हाताला पडते. नेमबाजीची रेंज बंद झाली की मी त्या सगळ्या वेचतो आणि मोजतो. एक जरी कमी भरली तरी घरी जाता येत नाही. किश्श्यांचं तसं नसतं. तेही तिथंच, चहाच्या टेबलापाशी पडतात, पण त्यांना कुणी मोजत नाही. जो वाकून उचलेल त्याचे. सात-आठ वर्षांत माझ्याकडे बरेच साठले आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांत मीच आहे. माझं नाव बबन. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

* * *

आमचा रायफल क्लब सांगलीच्या बाहेर, एका बंद पडलेल्या दगडखाणीत आहे. मी विट्याकडचा. आठवीतून शाळा सोडली आणि मामाच्या गलाईच्या दुकानात गेलो, म्हणजे सोनं गाळायच्या. पाच वर्षं ॲसिडच्या धुरात बसून सोनं तोललं. मग खोकला मागे लागला आणि मामानं गावी पाठवलं. येताना आपला जुना काटा दिला, लाकडी पेटीतला. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट.

क्लबात मुल्लाचाचा होते. सैन्यात बंदुकांची दुरुस्ती करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते क्लबची काडतुसं हातानं भरायचे. वापरलेली पुंगळी साफ करायची, नवी टोपी बसवायची, आत दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. क्लबकडे त्याचा परवाना होता. दुकानातली काडतुसं एकसारखी नसतात, हातानं भरलेली करता येतात. काडतुसं एकसारखी तर वेग एकसारखा, आणि वेग एकसारखा तर गोळ्या एका जागी. एवढंच शास्त्र आहे. ते हातात यायला मात्र वर्षं जातात.

चाचांची नजर अधू होत चालली होती, त्यांना हाताखाली माणूस हवा होता. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर दहा सुट्या गोळ्या ठेवल्या.

"यातली एक हलकी हाय. काटा न लावता काढ."

मी एकेक गोळी बोटांत धरून पाहिली. दोनदा पाहिली. "चाचा," म्हणालो, "एक न्हाई, दोन हायत."

चाचांनी त्या काट्यावर घातल्या. दोन निघाल्या.

"मला एकच म्हाईत व्हती," चाचा म्हणाले. "उद्यापास्नं ये."

* * *

माझ्या लग्नाची पहिली बोलणी या कामापायीच मोडली. तासगावकडून पाहुणे आले होते. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरगा करतो काय?"

आई घाईघाईनं म्हणाली, "क्लबात दारू भरतो."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मामा त्या वेळी गावी आला होता. सावरून घ्यायला तो पुढे झाला. "आवं, पण लय मोजून भरतो. एक कण जास्ती न्हाई का कमी न्हाई."

मुलीचे वडील उठून उभे राहिले. "मोजून भरणारं लय बघितल्यात आमी."

पोहे बशांत तसेच राहिले. मी बोलायला हवं होतं. मी दारात उभा होतो.

* * *

सरनाईक वकील आमच्या क्लबचे कॅप्टन. कोर्टात काय, रेंजवर काय, हळू आवाजात बोलतात, पण शेवटच्या माणसाला ऐकू जातं. एका रविवारी त्यांच्या नऊ गोळ्या टार्गेटच्या मधोमध लागल्या आणि दहावी पार कोपऱ्यात गेली. अशा भरकटलेल्या गोळीला फ्लायर म्हणतात. वकील उठले, हातमोजा काढला आणि म्हणाले, "नऊ माझ्या. ती एक बबनची."

सगळे हसले. मी पुंगळी उचलून पाहिली. टोपीवरचा ठसा, तोंडाची काजळी, सगळं बाकीच्या नऊसारखंच होतं. मी ती खिशात टाकली.

पुढच्या रविवारी सेक्रेटरी पाटील दुर्बिणीला डोळा लावून निकाल सांगू लागले, "दहा, नऊ, दहा, बबन." आणि ते तसंच रुळलं. कुणाचं बोट ट्रिगरवर हिसकलं, कुणाच्या डोळ्यात घाम गेला, कुणाला ऐन वेळी शिंक आली, तरी गेला तो बबनच.

चाचा मला म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. तूबी एक दिस मार. तुझं कार्ड दाव त्यास्नी."

टार्गेटच्या कागदाला क्लबात कार्ड म्हणतात. त्याच्या खाली एक रेघ असते, नेमबाजाच्या नावाची. त्या रेघेवर फक्त मेंबराचं नाव लिहायचं, असा नियम आहे. मला त्या रेघेवर एकदा माझं नाव हवं होतं. दुसरं काही नको होतं.

* * *

शिरवळला कारखाना असलेले आमचे एक मेंबर आहेत. त्यांनी परदेशातून गोळीचा वेग मोजायचं मशीन आणलं. दोन चौकटी, त्यांच्या मधून गोळी मारायची, की डब्यावर आकडा उमटतो. सगळा क्लब बघायला जमला.

आधी दुकानातली काडतुसं मारली. आकडे वरखाली उड्या मारू लागले. वकील खूश झाले. "मशीन उत्तम आहे," म्हणाले.

मग माझी भरलेली घेतली. पहिला आकडा आला. दुसरा जवळपास तोच. तिसरा तोच. चौथा, पाचवा तोच. सहाव्याला वकिलांनी रायफल खाली ठेवली.

"मशीन अडकलंय," म्हणाले. "एकच आकडा दाखवतंय."

कारखानदारांनी डबा उघडला, फुंकर मारली, बॅटरी बदलली. वकिलांनी आणखी दोन मारल्या. पुन्हा तोच आकडा.

"बिघडलंच," कारखानदार म्हणाले. मशीन त्याच दिवशी दुरुस्तीला शिरवळला परत गेलं.

चाचा स्टुलावर बसून पोट धरून हसत होते. "बबन्या, मशीन मोडलंस रं तू!"

माझ्या वाट्याला आलेली शाबासकी ती तेवढीच.

* * *

साताऱ्याला स्पर्धा होती. मी काडतुसांच्या पेटीबरोबर गेलो होतो. दुपारी टपरीवर चहा घेताना शेजारी पोलिसांच्या टीममधला एक जवान येऊन बसला. तोंड उतरलेलं होतं.

"कसं झालं?" मी विचारलं.

"कसलं काय गड्या. तीन बबन गेलं."

मला वाटलं, ऐकायला चुकलो. "बबन म्हंजे?"

"तुला म्हाईत न्हाई? चुकार गोळी. तुमचं सांगलीवालंच म्हणत्यात की. आता आमच्यातबी म्हणत्यात."

"पण बबन कोण?"

त्यानं बशीतला चहा फुंकत थोडा विचार केला. "असंल कोन तरी जुना. मेलाबी असंल आता." मग म्हणाला, "तुझं नाव काय?"

मी म्हणालो, "विठ्ठल."

* * *

खंडेनवमीला क्लबात शस्त्रपूजा असते. रायफली ओळीनं मांडतात, झेंडूच्या माळा घालतात. एका वर्षी भटजी हळदीकुंकू घेऊन माझ्या काट्याकडे वळले. मी ओरडलोच, "काट्याला कुंकू लावू नका!"

सगळे वळून बघायला लागले. क्लबात मी मोठ्यानं बोललो तो तेवढाच प्रसंग.

"अरे, हेही तुझं शस्त्रच ना?" भटजी म्हणाले.

"कुंकवालाबी वजन असतंय," मी म्हणालो.

पूजेनंतर क्लबची वार्षिक सभा असते. सभेत मी मेंबर व्हायचा फॉर्म दिला. तिसऱ्या वर्षी. सूचक म्हणून तिन्ही वेळा चाचांचीच सही होती. सेक्रेटरी पाटलांनी चष्मा लावला, जणू पहिल्यांदाच वाचतायत.

"शिक्षण?"

"आठवी."

"घटनेत धावी पास लिवलंय, बबन. मी काय करू सांग?" पाटील मनानं वाईट नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. फॉर्मची घडी घालता घालता ते थांबले. "तुझं अक्षर लय चांगलं हाय पर. ह्यो वकीलसाहेबांच्या भाच्याचा फॉर्म तेवढा भरून दे."

मी भरून दिला. शिक्षणाच्या रकान्यात 'दहावी पास' असं लिहिलं. अक्षर खरंच चांगलं आलं.

* * *

एका मोठ्या स्पर्धेत वकिलांचे सहा बबन गेले. परत आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, "हातानं भरायचं आता बंद. यापुढे दुकानातलीच काडतुसं घ्यायची. असल्या मालावर स्पर्धा जिंकता येत नाहीत."

म्हणजे माझं काम गेलं. आणि रेघेवरचं नाव कायमचं गेलं.

मी जीपमधलं सामान उतरवायला बाहेर गेलो, कारण आत थांबून करणार काय होतो? मागच्या सीटखाली माझ्या काडतुसांचा डबा मिळाला. मी प्रत्येक डब्याच्या तोंडावर कागदाची पट्टी चिकटवतो, तारीख घालून. पट्टी तशीच होती.

मी डबा आणून टेबलावर ठेवला. पाटलांनी तो उचलला, फिरवून पाहिला.

"साहेब, ह्यो तर फोडलाच न्हाई की."

वकिलांनी डबा हातात घेतला, पट्टीवरून अंगठा फिरवला. त्यांनी स्पर्धेत चुकून दुकानातला डबा उघडला होता. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे दुकानातलीही बबनसारखीच निघाली म्हणायची."

इतके हसले सगळे, की भरणं बंद करायचा विषय तिथंच राहिला. माझं काम वाचलं. मीही हसलो.

* * *

हा शेवटचा.

चाचांचा मोतीबिंदू पिकला होता. तो त्यांचा क्लबातला शेवटचा महिना. थंडीतली सकाळ, खाणीत वारा नाही. दुसऱ्या दिवशी वकिलांची स्पर्धा होती आणि त्यांची रायफल तपासायची होती, पण ते कोर्टात अडकले. निरोप आला, चाचांना दहा गोळ्या मारून बघायला सांगा.

चाचांना टार्गेटच दिसेना. ते मला म्हणाले, "रेंजचा इनचार्ज मी हाय. माझ्या हुकमानं तू झोप."

रायफल तपासायला चाचांच्या देखत मी याआधी एक-दोन गोळ्या मारल्या होत्या. दहा कधीच नाही. काडतुसं माझीच होती, महिनाभर एकेक तोलून बाजूला ठेवलेली. मी चटईवर पालथा पडलो. मारताना मला काही आठवलं नाही, ना वकील, ना फॉर्म. काटा स्थिर झाल्यावर जसं वाटतं तसं वाटत होतं.

पाटील दुर्बिणीला होते. "दहा. दहा. दहा." सहाव्यानंतर त्यांनी सांगणं बंद केलं. शेवटची गोळी गेल्यावर बऱ्याच वेळानं म्हणाले, "धाच्या धा. एकबी बबन न्हाई."

बोलून गेले आणि मग त्यांना माझ्याकडे बघवेना.

कार्ड आणलं. चाचांनी त्यावरून बोट फिरवलं. "एकच भोक हाय?"

"व्हय चाचा."

करंगळीचं टोक आत गेलं. चाचांनी ते तसंच ठेवलं. "नाव लिव," म्हणाले.

मी पेन काढलं. पाटील म्हणाले, "बबन, थांब. मेंबराचं लागतंय."

रेघ कोरी ठेवून कार्ड टेबलावर राहिलं. दुपारी वकील आले, काळ्या कोटातच. त्यांनी कार्ड उजेडात धरलं. "रायफल माझी, काडतुसं क्लबची," म्हणत खिशातून पेन काढलं.

"आन् बोट?" चाचा म्हणाले.

वकिलांनी रेघेवर आपली सही केली आणि शाई वाळावी म्हणून फुंकर मारली.

ते कार्ड क्लबात काचेच्या चौकटीत लावलं आहे. ऑपरेशननंतर चाचा एकदा जाड चष्मा लावून आले, चौकटीपुढे उभे राहिले, रेघेवरचं नाव वाचलं आणि चहा न घेता घरी गेले. पुन्हा आले नाहीत.

मागच्या महिन्यात साताऱ्याहून कॉलेजच्या एनसीसीच्या मुली रेंज बघायला आल्या होत्या. पाटलांनी त्यांना सगळं समजावलं, फ्लायर म्हणजे काय, आणि आमच्याकडे त्याला काय म्हणतात. मी बाजूच्या टेबलावर त्यांना दाखवायला पुंगळ्या मांडत होतो. एक मुलगी चौकटीपुढे बराच वेळ उभी होती.

"सर," तिनं वकिलांना विचारलं, "दहा गोळ्या, आणि एकही बबन नाही?"

वकील हसले. हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी बबन रजेवर होता."