आईचा रियाज

माझी मैत्रीण वसुधा हिच्या नकुलने दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं आणि तो गिटार शिकायला स्पेनला गेला, तेव्हा अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटा गावातल्या मराठी घरांना महिनाभर दुसरा विषय नव्हता. मुलगा वाया गेला, असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं.

काही वर्षांनी तो परतला तो फ्लामेंको, म्हणजे तिकडचं नाचगाण्याचं संगीत, वाजवणारा होऊन. समोर स्वर लिहिलेला कागद नाही, नाचणारीच्या पायांवर नजर ठेवून वाजवायचं. तारा छेडायला उजव्या हाताची नखं वाढवलेली. ती मोडतील म्हणून भांडी घासायला तयार नसे. आधी रेस्टॉरंटं, लग्नं, मग गावोगावी स्वतःचे कार्यक्रम. मंडळाच्या गणपतीत मात्र आमची माणसं त्याला हिंदी सिनेमाची गाणी वाजवायला सांगायची. तो मुकाट वाजवायचा. माझं डोकं फिरायचं.

वसुधा सांगलीला गाणं शिकलेली. एकदा त्याच्या कार्यक्रमाला गेली आणि रडत बाहेर आली. तेव्हापासून मुलाचा शब्द खाली पडू देईना.

चाळिशीत त्याच्या उजव्या हाताची अनामिका दगा देऊ लागली. शर्टाची बटणं लावताना बोट शहाण्यासारखं वागे, गिटार घेतली की तळव्याकडे वळे. दुखत काहीच नव्हतं. त्याने कार्यक्रम कॅन्सल केले आणि आईला सांगितलं. आता आमच्या पिढीकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. सूर हलला, रियाज वाढव. ताल चुकला, रियाज वाढव. वसुधाने त्याला घरी आणलं आणि रोज सकाळी समोर बसवलं. ती मांडीवर ताल द्यायची, तो त्या बोटाचा एकच पलटा घोटायचा. तिचे यजमान हेमचंद्र हृदयाचे रिटायर्ड डॉक्टर. न्यूरॉलॉजिस्टला दाखवू या, असं ते सुचवत राहिले, पण तिने कानाआड केलं. उन्हाळा संपेपर्यंत शेजारचं बोटही वळू लागलं.

शेवटी मीच त्याला गाडीत घालून न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. बिघाड बोटात नाही, मेंदूत आहे. दोन बोटांचे हुकूम तिथे एकमेकांत मिसळलेत. इंजेक्शनं आहेत, हात नव्याने शिकवता येतो, पण स्टेजवर परतणारे थोडे. सुरुवातीलाच वाजवणं थांबवलं असतं तर, असं नकुलने विचारलं. खात्री नाही देता येत, त्या म्हणाल्या, पण तेच तेच घोटल्याने बहुधा जास्त पक्कं झालं.

पार्किंगमध्ये तो गाडीला टेकून उभा राहिला. "मावशी, ते शेवटचं आईला सांगू नकोस. प्लीज."

मी भडकले. सांगितलं तर निदान उद्यापासून तरी ती तुला रियाजाला बसवणार नाही, म्हटलं.

"माझ्या म्युझिकमध्ये तिला हेल्प करता आली अशी ही एकच गोष्ट आहे," तो म्हणाला. "हात तर गेलाच आहे."

मी आयुष्यभर सगळ्यांना सुनावत आले, त्या दिवशी नुसती गाडी चालवली. घरी त्याने सांगितलं, वेळ लागेल म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर दोघं बसलेली. अनामिका तळव्यात रुतली होती, तारेपर्यंत पोचतच नव्हती. वसुधाचा चेहरा मात्र उजळलेला.

"आज जरा सरळ येतंय ना रे?"

"हो, आई."

"मग पुन्हा घे," ती म्हणाली, आणि त्याने घेतलं.